पोरं कोणाची येतात?

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते म्हटलं की नवा भेटलेला माणूस दोन प्रश्न विचारतो. पहिला, शाळेत पोरं किती. दुसरा तो लगेच विचारत नाही. चहा येतो, पावसापाण्याचं बोलणं होतं, आणि मग कपबशी खाली ठेवता ठेवता आवाज जरा उतरवून तो म्हणतो, "आन् पोरं कोणाची येतात?"

बाहेरच्या वाचकाला यातलं काही कळणार नाही, म्हणून सांगते. या प्रश्नाचा अर्थ असा, की गावातल्या शेतकऱ्यांची लेकरं येतात, की फक्त भीमनगरातली आणि मजुरांची. उत्तर ऐकून माणूस शाळेची किंमत ठरवतो. पोरांना वाचता येतं का, गणित येतं का, हे पुढं विचारायची त्याला गरज वाटत नाही. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत या प्रश्नाचं उत्तर दरसाल बदलत गेलं. त्यातल्या दोन मुलींची गोष्ट सांगायची आहे.

ती शाळा मुदखेड तालुक्यातल्या एका गावातली, सातवीपर्यंतची. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथंच राहतात आणि ती वाईट नाहीत. गाव हळदीचं. हळद शिजायला लागली की सगळ्या शिवारात तो कडवट वास भरायचा आणि शाळेत पोरं कमी दिसायची, कारण आईबाप शिजवणीवर आणि पोरं धाकट्या भावंडांवर. मी तिथं मुख्याध्यापिका म्हणून गेले तेव्हा शाळेत सगळ्यांची लेकरं होती. व्यंकटरावांचीही होती.

व्यंकटराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी आणि शाळा समितीचे अध्यक्ष. पद नुसतं मिरवणारा माणूस नव्हे. शाळेची संरक्षक भिंत त्यांनी लोकांच्या मागं लागून बांधून घेतली. बोअर आटला त्या उन्हाळ्यात स्वतःच्या शेतातून पाइप टाकून पोरांना पाणी दिलं. त्यांची मोठी मुलगी वैष्णवी आणि धाकटा मुलगा ओंकार, दोघंही आमच्याकडंच. ओंकार दुसरीत जायच्या वर्षी ते शाळेत आले, खुर्चीवर बसले, आणि बराच वेळ भिंतीवरचा नकाशा बघत राहिले.

"बाई, शाळेत काही खोट न्हाई," ते म्हणाले. "पर ओंकारचा दाखला पायजे."

मुदखेडच्या एका इंग्रजी शाळेची गाडी गावात यायला लागली होती. भावकीतली पोरं तिच्यातून जायला लागली, मग ओंकारला मागं कसं ठेवायचं. मी दाखला लिहिला. लिहिता लिहिता विचारलं, वैष्णवीचं काय. ते म्हणाले, "ती हाय की इथंच. तिला काय करायचंय इंग्रजी."

पुढच्या दोन वर्षांत शेतकऱ्यांचे मुलगे एकेक करून गेले. शाळेत उरली भीमनगरातली मुलं-मुली, चार-दोन मजुरांची लेकरं आणि शेतकऱ्यांच्या मुली. एका घरातला भाऊ टाय बांधून गाडीत चढायचा आणि बहीण त्याचा डबा गाडीत देऊन दप्तर घेऊन आमच्याकडं यायची. कागदावर याला आम्ही 'मुलींचं प्रमाण लक्षणीय' असं लिहायचो. एकदा एका मोठ्या साहेबांनी त्याबद्दल कौतुकही केलं.

आता आमच्या धंद्याचं एक गणित. सरकार पोरं मोजून शिक्षक देतं. पट एका मर्यादेच्या खाली गेला की शिक्षकाचं पद जातं. शिक्षक गेला की एकाच मास्तराकडं तीन-तीन वर्ग येतात. मग राहिलेले पालकही म्हणतात, शिकवायला माणूसच नाही, आणि पोरं काढतात. सहावी-सातवीच्या वर्गांचा दोर तर फारच बारीक. त्यामुळं मे महिन्यात शिक्षक सुट्टीवर असतात असं जे लोकांना वाटतं, ते खरं नाही. मे महिन्यात आम्ही दारोदार फिरत असतो. मी व्यंकटरावांच्या ओसरीवरही दर उन्हाळ्यात जाऊन बसायचे. एका वर्षी ते मला म्हणाले, "बाई, शाळेचा एखादा निकाल दाखवा लोकायला. शिष्यवृत्तीला एक-दोन पोरं लागू द्या. मी गावात उठून बोलतो. माझं बोलणं पडू देत न्हाईत."

मला तो शब्द धरावासा वाटला. त्या वर्षी वैष्णवी पाचवीत होती, आणि शिष्यवृत्तीची पहिली परीक्षा पाचवीलाच असते. तिच्याच वर्गात सुजाता होती.

सुजाता भीमनगरातली. वडील गवंडी, वर्षातले बरेच महिने हैदराबादेत. आई शोभा हळदीच्या कामाला जायची. घरात आजी आणि कडेवरचा भाऊ. पोरगी बोलायला चुरचुरीत आणि हिशोबाला विलक्षण. उत्तर आलं की हात वर करायची नाही, नुसती माझ्याकडं बघायची. वैष्णवी तिच्या उलट. संथ, सगळं नीट रेघा मारून लिहिणारी, चूक झाली की डोळ्यांत पाणी. दोघी पहिलीपासून एका बाकावर बसायच्या. शाळा सुटल्यावर मी त्यांचा जादा तास घ्यायचे. बुद्धिमत्तेच्या प्रश्नांत सुजाता पुढं पळायची आणि भाषेत वैष्णवी तिला हाताला धरून न्यायची. कधी मला मीटिंग असली की दोघी सुजाताच्या अंगणात बसून सराव करायच्या. एकदा वैष्णवीच्या आजीला कळलं की नात तिथं भाकरी खाऊन आली. घरात काय बोलणं झालं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी वैष्णवीनं मला एवढंच सांगितलं की आता अभ्यास शाळेतच करायचा.

निकाल लागला तेव्हा दोघी सहावीत गेल्या होत्या. दोघींची नावं यादीत होती, आणि सुजाताचं वर होतं. त्या शाळेत शिष्यवृत्ती कोणाला लागल्याचं गावात कोणाला आठवत नव्हतं. आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, स्वतः मोटारसायकलवर पेढे घेऊन आले. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली व्यंकटरावांनी दोघींना सारखंच ड्रेसचं कापड दिलं, आणि सुजाताच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "माझ्या पोरीपेक्षा ही हुशार हाय." हे त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं. त्यांचं हे मी विसरलेले नाही.

संध्याकाळी मारुतीच्या पारापाशी फ्लेक्स लागला. त्यावर वैष्णवीचा फोटो, आणि खाली तिच्या चुलतभावांचे फोटो तिच्याहून मोठे. सुजाता त्यावर नव्हती. दुसऱ्या दिवशी मी व्यंकटरावांना विचारलं. ते ओशाळले. पोरांनी परस्पर लावलं म्हणाले, आणि ते खरं असावं. पण फ्लेक्स काही उतरला नाही. शाळेत येताना सुजाता त्याच्यासमोर थांबलेली मला दिसली. मला वाटलं, रडेल. ती माझ्याबरोबर चालायला लागली आणि म्हणाली, "बाई, शिष्यवृत्तीतला ष्य चुकलाय."

त्या निकालाच्या जोरावर पुढच्या जूनला पाच-दहा मुलगे परत आणता येतील असा माझा हिशोब होता. झालं ते निराळंच. दिवाळीच्या सुट्टीनंतर व्यंकटराव पुन्हा खुर्चीवर येऊन बसले. या वेळी त्यांनी नकाशाकडं बघितलं नाही.

इंग्रजी शाळेनं वैष्णवीला बोलावून घेतलं होतं. अशी पोरगी आम्हाला पाहिजे म्हणाले, फीसुद्धा कमी करतो म्हणाले. व्यंकटराव मला समजावून सांगत होते, आणि त्यांच्या आवाजात आनंद होता, तो लपत नव्हता. "मला वाटलं व्हतं, पोरीची जात, लिहाय-वाचाय आलं की झालं. पर हिचं डोकं चालतंय बाई. तुमच्यामुळं कळलं. आता हिच्यावर खर्च कराया काय हरकत न्हाई."

बाप मुलीच्या शिक्षणाला पैसा घालायला तयार झाला, यासाठी तर आम्ही जन्मभर भाषणं केली. मी म्हटलं, चांगलं झालं. दाखला लिहिला.

वैष्णवीच्या मागोमाग आणखी तिघी-चौघी गेल्या. ज्यांच्या बापांना आतापर्यंत मुलींसाठी गाडी परवडत नव्हती, त्यांना आता परवडायला लागली. पुढं त्या इंग्रजी शाळेचा जाहिरातीचा कागद गावात वाटला गेला, त्यात 'आमचे गुणवंत' म्हणून वैष्णवीचा फोटो होता. आमचे एक सर तो कागद घेऊन माझ्याकडं आले आणि म्हणाले, आपण रोप करायचं आणि आंबे त्यांनी विकायचे. ते हसले. मलाही हसू आलं.

फेब्रुवारीत सहावीच्या वर्गात सुजाता एकटी उरली. दोन मुलं पटावर होती, पण ती आईबापांबरोबर बाहेरगावी कामावर गेलेली.

एका मुलीचा वर्ग कसा चालतो हे कोणी मला विचारलं नाही, तरी सांगते. बाहेरच्याला वाटतं, एकच पोरगी, मग किती छान शिकवता येईल. तसं होत नाही. वर्ग म्हणजे चुकणाऱ्याला बघून दुसरा शिकणं. कविता एकटीनं म्हणायची, संवाद वाचायचा तर दोन्ही बाजू तिनंच वाचायच्या. प्रश्न विचारला की कोणाकडं बघायचं तिला कळायचं नाही, कारण उत्तर तिनंच द्यायचं हे ठरलेलं. मी तिला सातवीत बसवून पाहिलं, पाचवीत बसवून पाहिलं. ती बसायची, पण बाकाच्या एका कडेला, शेजारची जागा मोकळी ठेवून. चाचणीचे पेपर तपासून दिले तेव्हा म्हणाली, "बाई, माझा नंबर कितवा?" मी पहिला म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "आन् शेवटचा बी मीच की." ती थट्टेनं म्हणाली. पण तेव्हापासून तिचं उत्तर आलं की माझ्याकडं बघणं बंद झालं.

मार्चमध्ये वरून विचारणा आली. सहावी-सातवीचे वर्ग बंद करून मुलं ओढ्यापलीकडच्या गावच्या शाळेत जोडायची, त्यावर गावाचं म्हणणं काय. केंद्रप्रमुखांनी शाळेच्या व्हरांड्यात सभा घेतली. गाव चांगलं जमलं. व्यंकटराव उठले आणि आपला शब्द त्यांनी पाळला. भरभरून बोलले. या शाळेनं आपल्याला काय दिलं, बाईंनी किती जीव लावला, तालुक्यात अशी शाळा नाही, वर्ग बंद केले तर आम्ही जिल्ह्याला जाऊन बसू. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बायका मागं खांबाशी बसल्या होत्या. त्यातून शोभा उठली. कामावरून तशीच आली होती, हात कोपरापर्यंत पिवळे. तिला चारचौघांत बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ती रागानं बोलली नाही. खरोखर माहिती नसल्यासारखं तिनं विचारलं.

"शाळा एवढी चांगली हाय म्हणता, तर तुमची लेकरं कामून न्हाईत इथं?"

व्यंकटराव उभेच होते. त्यांना खाली बसता येईना. ते म्हणाले, "मी आणीन बी. पर म्या एकल्यानं आणून काय व्हतंय? बाकीच्यायनी बी आणावं." मग त्यांनी लोकांकडं बघितलं, लोकांनी एकमेकांकडं बघितलं. एक जण म्हणाला, आमच्या पोराचं आता इंग्रजी बसलंय, मोडायचं कसं. दुसरा म्हणाला, गाडीचं वर्षाचं ठरवून टाकलंय. तिसरा जे म्हणाला ते हळू म्हणाला, पण खांबापर्यंत ऐकू गेलं. तो म्हणाला, आता तिथं सगळी तीच पोरं हायत. शोभा खाली बसली. केंद्रप्रमुखांनी चष्मा पुसला आणि सभा संपली असं सांगितलं.

चार दिवसांनी, सकाळची शाळा सुरू झाली होती, परिपाठ होऊन मुलं वर्गात गेली होती, आणि सहावीच्या दारात वैष्णवी उभी दिसली. टाय, बूट, पाठीवर मोठं दप्तर. गाडी आली तेव्हा ती आईला दिसेल अशी निघाली आणि गल्लीच्या वळणावरून इकडं आली होती. माझी परवानगी न विचारता ती आत गेली आणि सुजाताच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर बसली. सुजातानं दप्तर उचलून पलीकडं ठेवलं. मी गणिताचं उदाहरण फळ्यावर अर्धं लिहिलं होतं, ते पुरं केलं.

मधल्या सुट्टीत मी वैष्णवीला जवळ घेऊन विचारलं. ती म्हणाली, तिकडं तिला पाचवीत बसवलंय, इंग्रजी येत नाही म्हणून. ओंकारच्या मित्रांना ते माहीत आहे. मास्तर प्रश्न विचारतात तेव्हा तिला उत्तर येतं, पण ते मराठीत येतं. "म्हणून मी बोलतच न्हाई, बाई," ती म्हणाली.

मी व्यंकटरावांना फोन करून सांगितलं, कारण पोरगी कुठं गेली म्हणून घरच्यांचा जीव टांगणीला लागला असता. ते आले. पायरीशी चपला काढल्या, खिडकीतून आत बघितलं. सुजाता वैष्णवीला खाली मान घालून काहीतरी दाखवत होती आणि वैष्णवी वहीवर पट्टी धरून रेघ मारत होती. मला वाटलं, आता ओढून नेतील. ते व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसले. "आजचा दिस बसू द्या, बाई," ते म्हणाले. आणि शाळा सुटेपर्यंत ते तसेच बसून राहिले. पाणी दिलं ते प्याले. एकदा मला वाटलं ते डोळे पुसतायत, पण उन्हाची तिरीप तोंडावर येत होती, तेही कारण असेल.

घंटा झाल्यावर त्यांनी वैष्णवीचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं आणि दोघं गेली. ती पुन्हा शाळेत आली नाही. मी त्यांना म्हणू शकले असते, की ठेवा तिला. पण मला ठाऊक होतं की जूननंतर तो वर्गच असणार नाही. नसलेल्या वर्गात मी कोणाची मुलगी कशी मागणार?

वर्ग बंद झाल्याचा कागद मे महिन्यात आला. पलीकडच्या गावची शाळा लांब नव्हती, पण मध्ये ओढा, त्याला पूल नाही, आणि पावसाळ्यात तो ओलांडता येत नाही. मी सुजातासाठी नांदेडच्या एका सरकारी वसतिगृहात जागा बघितली. शिष्यवृत्तीवाली मुलगी म्हणून तिथल्या बाईंनी लगेच हो म्हटलं. मी आनंदानं भीमनगरात गेले. शोभा सामान बांधत होती. सुजाताची आजी त्या उन्हाळ्यात वारली होती, घर बघायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून सगळीच नवऱ्याकडं हैदराबादेला निघाली होती. धाकट्याला सांभाळायला सुजाता लागणार होती. मी वसतिगृहाचं सगळं सांगितलं. जेवण, कपडे, पुस्तकं, काही द्यावं लागत नाही. शोभानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमचे उपकार हायत, बाई," ती म्हणाली. "पर एका वर्गात एकली बसली, तर माझं लेकरू बोलंना झालं. तिथं अनोळखी गावात आनिक एकली ठिवू?"

तिथं मुली पुष्कळ आहेत, एकटी राहणार नाही, हे मी म्हटलं. दोनदा म्हटलं. सुजाता भावाला मांडीवर घेऊन दारात बसली होती. ती माझ्याकडं बघेल म्हणून मी वाट बघितली. तिनं भावाचं नाक पुसलं. हैदराबादेत मराठी शाळा कुठं आहे का, हे मी नंतर बऱ्याच जणांना विचारलं. असली तरी मजुरांच्या वस्तीपासून ती केवढी लांब असणार.

त्यानंतर माझी जी नोकरी राहिली होती ती त्याच शाळेत, पाचवीपर्यंतच्या वर्गांवर केली. पोरांना वाचायला येत होतं. तपासणीला आलेले साहेब दरवेळी शेरा चांगला लिहून जायचे आणि जाता जाता पटाबद्दल विचारायचे. मी आता नांदेडला मुलाकडं असते. सकाळी फिरायला जाते तिथंही कोणी ओळख काढून शाळेचं विचारतं, आणि आवाज उतरला की मला पुढचा प्रश्न कळतो.

वैष्णवी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. आता लातूरला आहे, डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या क्लासला. पहिल्या वेळी झालं नाही म्हणून हे दुसरं वर्ष. शिक्षकदिनाला तिचा फोन येतो. यंदा आला तेव्हा ती थोडं इंग्रजीतून बोलली, मग मराठीवर आली. खोलीत आणखी तिघी आहेत म्हणाली, सगळ्या आपापल्या कानात वायर घालून बसतात. झोप येत नाही म्हणाली. मी आईसारखं चार गोष्टी सांगितल्या, जेवत जा, चालत जा. फोन ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "बाई, सुजाता काय करते?"

शोभाचा नंबर माझ्याकडं होता. तो कधीचाच बंद लागतो. भीमनगरात विचारलं तर कोणी म्हणतं त्यांनी वस्ती बदलली, कोणी म्हणतं पोरीचं लग्न करून टाकलं, कोणी म्हणतं नाही, ती कुठंतरी शिवणकामाला जाते.

"हैदराबादला आहे," मी म्हटलं.

"हाव, पर काय करते?" वैष्णवीनं पुन्हा विचारलं.

फोनवर तिच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत राहिला.